आप्पासाहेबांच्या स्मरणार्थ मोफत वायफाय

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा. सकाळी ९
संकल्प: रोज दोन पाने. पुस्तकाचे नाव ठरले, 'संगणक: अडाण्यापासून शहाण्यापर्यंत'. निलंग्यात या विषयावर अधिकाराने बोलणारा मीच. कृषी खात्यात एकोणतीस वर्षे काढली, त्यातली शेवटची चार कॉम्प्युटरसमोर.
तनुजा नांदेडहून येऊन गेली. लेकीची पीएच.डी. संपत आली, १५ मेला प्रबंध द्यायचा. विषय, ज्वारीचे जुने वाण. पाच वर्षे कर्नाटक सीमेवरच्या गावांत फिरून म्हाताऱ्या माणसांची बोलणी रेकॉर्ड केली आहेत. लॅपटॉप शेवटचे आचके देत होता म्हणून एका माणसाची एक अशा दोनशे चौदा फाईली आपल्या डेस्कटॉपवर टाकून गेली. लॅपटॉप लातूर येईपर्यंत गेलाच. म्हणजे आता फाईली फक्त माझ्याकडे. सुरक्षित हातात पडल्या.

३ एप्रिल, गुरुवार
वडील दर उन्हाळ्यात फाटकाजवळ रांजण भरून ठेवायचे. ते गेल्यावर मी चालू ठेवले, पण आता जो तो बाटली घेऊन फिरतो. लोकांना तहान आहे ती नेटची. फाटकावर बोर्ड लावला: 'कै. आप्पासाहेब यांच्या स्मरणार्थ मोफत वायफाय.' खाली ठळक अक्षरांत पासवर्ड, वडिलांचे नाव आणि जन्मसाल.
पुस्तकासाठी. पासवर्ड: जो विसरत नाही तो खरा पासवर्ड. म्हणून हाच सगळीकडे ठेवला आहे. वायफायला, कॉम्प्युटरला, सगळ्याला. बापाचे नाव कोण विसरतो?
रेणुका, आमची सौ., म्हणाली, रांजणाला निदान झाकण तरी असतंय. बायकांना तंत्रज्ञानातले काव्य कळत नाही.

५ एप्रिल, शनिवार
राउटर: नगरपालिकेचा पाणी सोडणारा माणूस. कोणत्या गल्लीला किती वेळ, हे त्याच्या हातात. फरक इतकाच की राउटर रोज येतो. (हे वाक्य फार छान झाले.)
काल एक पान लिहिले. आज हे दोन ओळींचे.

१० एप्रिल, गुरुवार
हदगावच्या मेव्हण्याला कॉम्प्युटर शिकवायचा आहे. त्यासाठी रिमोटचे ॲप टाकले. त्याला तिकडे बसून माझा पडदा दिसतो, माझा माऊसही हलवता येतो. पासवर्ड अर्थात तोच.
फायरवॉल: आल्यागेल्याला हटकणारा वॉचमन. पाणपोईवर वॉचमन शोभत नाही. बंद केली.
बसस्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्त करणारा रिजवान फाटकावरून जाताना थांबला. बोर्ड दोनदा वाचला. म्हणाला, काका, हा बोर्ड न्हाई, तुमी घराची चावी टांगून राहिला. लई डेंजर हाय. मी हसलो. धंदा बुडेल ही त्याची भीती मी समजू शकतो.

१६ एप्रिल, बुधवार
तनुजाचा फोन. तिने ठेवलेल्या छोट्या हार्ड डिस्कवर फाईलींची कॉपी करून ती काढून कपाटात ठेवली का? कॉपी तेव्हाच केली आहे. काढली मात्र नाही. रोज काढ-घाल केली तर पिन झिजते. शिवाय लावलेली असली की नजरेसमोर राहते. तिला 'हाव, ठेवली' म्हणून सांगितले. उगाच पोरीला घोर नको.
व्हायरस: बाजारातल्या नकली सीडीतून येतो. आपण सीडी वापरत नाही. सबब धोका नाही.

२१ एप्रिल, सोमवार. दुपारी ३
त्रेचाळीस डिग्री. फाटकाशी चिटपाखरू नाही, तरी राउटरचा दिवा थरथरतोय. यादी उघडून पाहिली. घरचे दोन फोन आणि कॉम्प्युटर सोडून आणखी दोन नावे. नावे म्हणजे नुसते आकडे आणि अक्षरे. बाहेर जाऊन पाहिले. रस्त्यावर एक पांढरी गाडी, काचा वर. मी हात केला तशी हळूच पुढे सरकली.
वडिलांचे नाव दूरदूर पोचत आहे. बरे वाटले.

२४ एप्रिल, गुरुवार. दुपारी १
जेवून लवंडलो होतो. आतल्या खोलीतून म्हातारीचा आवाज आला. यार बंदार? यार बंदार?
रेणुका मंदिरात गेलेली. उठून पाहिले तर पडद्यावर माऊसचा बाण आपोआप फिरतोय. तनुजाचा फोल्डर उघडलेला, एकेक फाईल कोणीतरी उघडून बघतोय. आवाज नागम्माचा. औराद शहाजानीकडची, ब्याण्णव वर्षांची, कानडी बोलणारी. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तिने तनुजाची चाहूल घेऊन विचारले आहे, कोण आलंय? होळीच्या आधी वारली ती.
अंगावर काटा आला हे कबूल करतो. मग आठवले, मेव्हणा. शिकतोय बिचारा.

२५ एप्रिल, शुक्रवार
मेव्हण्याला फोन केला. म्हणे, चार दिवस लग्नात हाय, कॉम्प्युटर उघडलाच न्हाई.
उन्हाने मशीन भ्रमिष्ट होत असावे. टेबलाजवळ कूलर सरकवला.
रिजवानला विचारू का, असे मनात आले होते. पण त्याला उगाच मोठेपणा कशाला द्या?

२७ एप्रिल, रविवार. सकाळी
तनुजा म्हणाली, आजच येऊन फाईली नेते, शेवटचं प्रकरण नागम्मावरच अडलंय. मी म्हटले, तीन दिवसांनी अक्षय तृतीया, आजोबांच्या नावाने घागर भरायची, आमरस खा आणि मग ने. फाईली कुठे पळून जातात? बरं म्हणाली.
पुस्तकाची पाने: एकूण सहा.

३० एप्रिल, बुधवार. अक्षय तृतीया. सकाळी ११
पितरांची घागर भरली. तनुजा साडेदहाच्या एसटीने आली. हातपाय न धुताच कॉम्प्युटर लावला.
पडदा काळा. मधोमध इंग्रजीत चार ओळी. फाईलींना कुलूप लावले आहे, किल्ली आमच्याकडे आहे, मुदतीत पैसे भरा. खाली उलटे पळणारे घड्याळ.
मी म्हटले, घाबरू नको, डिस्क आहे. डिस्क मशीनला लावलेलीच होती. तिच्यातही तेच. दोनशे चौदा फाईली, प्रत्येकीच्या शेपटाला तीच चार अनोळखी अक्षरे.
रेणुकाने आमरसाची वाटी आणली, ती तशीच राहिली.

१ मे, गुरुवार
रिजवानला हाक मारावी लागली. तासभर बसला, कुलूप निघाले नाही. बोर्डाचा विषयही काढला नाही, तेच जास्त लागले. जाताना तनुजाला म्हणाला, बेटा, जी माणसं जित्ती हाईत त्यांच्याकडं पुन्ना जा. तिने यादी काढली. दोनशे चौदापैकी एकसष्ट वारले आहेत.

४ मे, रविवार. सकाळी ७
बोर्ड उतरवला. फाटकावर त्याचा चौकोन राहिला.
तनुजा पहाटेच्या एसटीने औरादला गेली. नागम्माच्या सुनेला काही आठवते का बघते, असे आईला सांगून गेली. मला सांगितले नाही. प्रबंधाची तारीख वाढवून मिळेल की नाही, तेही मला कोणी सांगितले नाही.
माझ्यामुळे झाले. इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो आहे.
पुस्तकासाठी. बॅकअप: तनुजाला विचारून लिहिणे. ती बोलायला लागली की.