कुलूप बाहेरून आहे, अक्का

प्रिय अक्का,

दाराला बाहेरून कुलूप आहे आणि मी आत आहे, म्हणून तुला लिहायला बसले. तुझा सुनील, नीता आणि पोरं धरणगावला लग्नाला गेलीत, संध्याकाळी येतील. चहा थर्मासमध्ये आहे, भाकरी झाकून ठेवली आहे. दार सोडून सगळी सोय आहे.

ही कुलपाची टूम तोरणमाळहून आली. तू गेल्यावर जळगावचं घर बंद करून मी इथे धुळ्याला सुनीलकडे आले. सुट्टीत त्यांनी मला तोरणमाळला नेलं. तुझ्यामागे पहिलाच प्रवास, किती हुरळले होते मी! गाडीच्या काचा उघड्या, त्यामुळे कानाच्या मशीनमध्ये नुसता वाऱ्याचा घोंगाट. सगळे हसले की मीही हसायचे, जरा उशिरा. पण घाट दिसत होता, तेवढ्यावर मी खूश होते.

सूर्यास्त बघायच्या जागी चढ आहे. माझा पोलिओचा पाय आणि वॉकर तिथे चालायचे नाहीत, म्हणून मला लॉजवर ठेवलं. तेही मी मान्य केलं. पण जाताना सुनीलने बाहेरून कुलूप घातलं. मावशीने आतून कडी लावली तर दार ठोकलेलं तिला ऐकू येणार नाही, असा त्याचा हिशोब. बाहेर ओट्यावर बसावं म्हणून मी दार ओढलं, तेव्हा मला ते कळलं.

थोड्या वेळाने दिवे गेले. अंधारात माझं काय होतं, तुला माहीत आहे. ओठ दिसले नाहीत की मी पुरती बहिरी. शेजारी काही पेटलं असतं, कोणी ओरडलं असतं, तरी मला पत्ता लागला नसता. पलंगाची कड धरून बसून राहिले. भीती वाटली, अक्का, आणि त्याहून जास्त राग आला.

ते आले ते मोबाइलची बॅटरी माझ्या तोंडावर मारत. सुनील काहीतरी बोलत होता, पण उजेड माझ्या डोळ्यांत आणि त्याचं तोंड अंधारात. दिवे आल्यावर त्याने पुन्हा सांगितलं, "मावशी, तुना भलाकरताच कुलूप लावं ना. तुले कसानं भ्याव शे?"

भीती कसली, म्हणे! "काही नही रे," मी म्हटलं. लॉजवर निभलं, म्हणून आता घरीही तेच सुरू झालं.

आपण दोघी फिरायचो तेव्हा खोलीची किल्ली माझ्याकडे असायची. तू बाहेरून आलीस की दाराखालून रुमाल सरकवून हलवायचीस, आणि मी दाराकडे तोंड करून बसलेली असायचे. एवढंच तर होतं! हे तू पोराला कधी सांगितलं का नाहीस?

तुझ्याशी आणखीही भांडायचंय. हॉटेलात वेटर तुलाच विचारायचा, "यांना काय आणू?" आणि तू सांगून मोकळी. तुझं उत्तर कधी चुकलं नाही, हीच तर पंचाईत. साठी उलटली तरी मला तोंड उघडायची वेळ आली नाही. माझे कान झालीस ते बरं केलंस. तोंड कशाला झालीस गं?

परवा नीता सुनीलला म्हणत होती, दिवाळीत सापुताऱ्याला जाऊ, मावशी घरीच बरी. मी समोरच भाजी निवडत होते. तिच्या ओठांवरून सगळं कळलं. म्हणजे आता कुलूप चार दिवसांचं.

म्हणून तुला शब्द देते. आज सुनील आला की त्याला उजेडात समोर बसवीन आणि सांगेन, "सापुताराले मी बी येसू. किल्ली मनाजोडे ऱ्हाई." किल्ली माझ्याकडे राहिली तर दार कसं उघडेल, ते रुमालाचंही सांगेन.

त्याला वाईट वाटेल. पोरगा गुणाचा आहे, डोळे भरून येतील त्याचे. म्हणेल, मावशीला जप असं आईच सांगून गेली. तेव्हा, अक्का, तुझ्या वतीने पहिल्यांदाच मी उत्तर देईन.

तुझी धाकटी,
शकू