चौकटीवरची गांधील

कुरवंडे, आश्विन वद्य तृतीया, १९३६. दिवेलागण.

दाराच्या चौकटीवरचं ते माशीचं घर आज आणखी वाढलंय. सासूबाई गावभर सांगत सुटल्यात, घरात कुंभारीण आलीय, आता सुनेचा पाळणा हलणार. लग्नाला इतकी वर्षं झाली माझ्या, त्यांना आशा वाटणारच. आज तर त्यांनी चौकटीला हळदकुंकू वाहिलं.

पण ती कुंभारीण नाहीच. कुंभारीण चिखल आणून गाडग्यासारखं घर लिंपते. हे राखाडी, कागदासारखं, भोकं खाली उघडी. ही गांधील. आणि हे ओळखायला मला शिकवलं कोणी? सासूबाईंनीच, भातखाचराच्या बांधावर बसून. मग त्यांनाच कसं दिसत नाही? नजर अधू झाली का? की मीच चुकतेय? परत जाऊन पाहिलं. कागदच.

सांगावं तर त्यांची आस मोडते, न सांगावं तर उद्या कुणाला तरी डसेल. शेवटी चुलीपाशी धीर करून सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, ती गांधील आहे."

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. "व्हय. मला काय डोळं न्हाईत? पर कुंभारीण म्हनल्यापास्नं गावातली एक तरी बाई तुला वांझ म्हनली का?"

मी परत चौकटीकडे पाहिलं.

"दारातनं जरा वाकून जात जा, म्हंजे झालं."

मघाशी पाण्याला वाकूनच बाहेर पडले. पण गांधील काय जन्मभर राहणार आहे? एक दिवस घर सोडून उडून जाईल. मग?