जपानात काही खास नाही

१४ नोव्हें.
स्नेहाची रजा नामंजूर. हॉस्पिटलातली एक नर्स नोकरी सोडून केरळला गेली, तिच्या जागी कोणी मिळेना, म्हणून आमच्या सूनबाईनं मरायचं. घरी आली, बूट काढले, म्हणाली, "खलास. माझं जपान खलास." आणि भेंडी चिरायला बसली. भेंडीनं डोळ्यांना पाणी येत नाही, हे मला माहीत आहे.
तिकिटं चौघांची काढलेली, मुलगा महेश, ती, नात मीरा आणि मी. लग्न झाल्यापासून सौदीतलं हे धाहरान ते रत्नागिरी, रत्नागिरी ते धाहरान, एवढंच तिचं जग फिरणं. जपानातल्या गरम पाण्याच्या कुंडांचे फोटो किती वर्षं फोनात साठवत्येय. त्यांची भाषासुद्धा शिकते, पोळ्या लाटता लाटता.

१५ नोव्हें.
जेवताना महेशनं विचारलं. "आई, तू सांग. सगळंच रद्द करू? स्नेहाला रजा मिळेल तेव्हा एकदमच जाऊ. तुझी मुदत संपत्येय, तर तुला नेहमीसारखं पुलावरून बहारीनला नेऊन आणतो."
माझा व्हिसा असा की तीन महिने झाले की या देशाबाहेर पाय टाकून यावं लागतं. गाडीत बसायचं, समुद्रावरचा तो लांबलचक पूल ओलांडायचा, पलीकडे चहा प्यायचा, परत. लेकाकडे राहायचं तर ही वारंवारची हकालपट्टी.
स्ने. म्हणाली, "रद्द नको. मीराची सुट्टी वाया जाईल. तुम्ही तिघं जा." आवाज अगदी नीट होता.
"आई, बोल ना," महेश.
मी नुसतं म्हटलं असतं, मला म्हातारीला जपान काय करायचंय, की पोरानं रद्द केलं असतं. मला कळत होतं. मी भाताचा घास घेतला. मग ताक मागितलं.
मला जायचं होतं.

२१ नोव्हें. शुक्रवार.
विमानतळावर स्ने. सोडायला आली. स्वतःसाठी घेतलेला जाड कोट माझ्या अंगात घातला. "धाहरानात मी कुठे घालणारे, आई?" बटणंही तिनंच लावली. मीरा "यल्ला आजी, यल्ला" करत ओढत होती. मी मागे वळून पाहिलं नाही. बटणं वरपर्यंत लावल्यामुळे मान वळत नव्हती, असं म्हणू या.

२३ नोव्हें. जपान.
चहाचा कार्यक्रम. चटईच्या खोलीत गुडघ्यांवर बसवतात. महेशचे पाय दहा मिनिटांत बधिर झाले, इंजिनीयर भिंत धरून उठला. मला एक बुटकं स्टूल आणून दिलं, मी बाजूला सारलं. मांडी घातली ती शेवटपर्यंत. जन्म जमिनीवर काढलाय.
चहा हिरवागार, शेवाळ्यासारखा. चव कडू. पण ती बाई काय काम करत होती! फडकं घडी घालायची तेसुद्धा असं, की वाटावं आज ह्या घरात एवढं एकच काम आहे. माझं लक्ष तिच्या हातांवरून हलेना.
संध्याकाळी स्ने.चा फोन. "कसं होतं, आई?"
"काही खास नाही गो. साखर नाही, दूध नाही. तासभर बसवून अर्धी वाटी दिली."
ती हसली. मला वाटलं, बरं झालं. जे चांगलं नाही ते हुकल्याचं दुःख कशाला होईल?

२४ नोव्हें.
डोंगरातल्या गावी आलो. गंधकाचा वास बसमधून उतरतानाच आला. आमच्या उन्हवऱ्याचा वास! लहानपणी खरूज झाली की आई तिथल्या कुंडावर न्यायची.
पण उन्हवऱ्याला बायका लुगड्यासकट पाण्यात. इथे सगळं काढायचं. सगळं. माझ्या नवऱ्यानं मला कधी उजेडात बघितली नाही, आणि इथे कंदील लावून ठेवलेत. मीरा म्हणाली, "आजी, नो वे, मैं नहीं आऊँगी." म्हटलं, तू मागून ये, आधी मी बुडते का बघ.
आधी बुटक्या स्टुलावर बसून अंग घासून घ्यायचं, मग कुंडात. कुंड उघड्यावर, वर लाल पानांचं झाड. आत दोनतीन म्हाताऱ्या. एकीची पाठ माझ्याहून वाकलेली. कोणी वर बघितलं नाही. सगळ्यांची पोटं ओघळलेली, सगळ्यांचे गुडघे सुजलेले. वाकलेल्या पाठीची आपल्या गुडघ्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाली. मी माझा दाखवला. मग तिनं पंचा डोक्यावर ठेवायला शिकवला. एवढंच बोलणं, पण जावेशी सबंध जन्मात एवढं जमलं नाही.
पाणी गळ्यापर्यंत. दुखणं कुठे गेलं कोण जाणे. मीराही आली शेवटी. मी बाहेर निघेचना. पोरगी दोनदा आत गेली, दूध पिऊन आली, तरी मी आतच. मोठ्यानं हसले म्हणे, मला आठवत नाही.
स्ने.ची आठवण आली ती कोट घालताना.
मीराला म्हटलं, "मम्माला सांगू नको हां, आजी एवढा वेळ पाण्यात होती ते. तिला वाईट वाटेल." "सीक्रेट?" "सीक्रेट."
महेश पुरुषांच्या कुंडात होता, त्याला काही ठाऊक नाही.
फोनवर: "काही खास नाही. गरम पाणी. आपल्याकडे बंबात निघतं तसंच."

२६ नोव्हें.
पहाटे, दुपारी, संध्याकाळी. तिन्ही वेळा पाण्यात.
मधे ब्रशनं अक्षरं काढायचा वर्ग होता. शाळा चौथीपर्यंत, तीसुद्धा म्हशी सांभाळून. पण मास्तरणीनं माझ्या एका रेघेकडे बघून मान डोलावली. महेशचा कागद मात्र फाटला.
फोनवर म्हटलं, थंडीनं हाडं गोठली. हाडं इतकी मोकळी मागल्या दहा वर्षांत नव्हती.

२९ नोव्हें. धाहरान.
स्ने.नं दारातच माझी पिशवी घेतली. रात्रपाळी करून आलेली, तरी थालीपिठं तयार. "आता निवांत सगळं सांगा." मी कच्च्या माशांचं सांगितलं, भुंडा चहा सांगितला, कसे वाकवाकून जीव काढतात ते सांगितलं. बोलायला लागले की मला नावं ठेवता येतात छान. थालीपीठ तोंडात फिरत होतं.

२ डिसें.
एप्रिलमध्ये स्ने.ला रजा मिळेल असं तिच्या हॉस्पिटलातल्या मोठ्या बाईनं सांगितलंय. जेवताना बोलली. चेहरा उजळला होता, बऱ्याच दिवसांनी.
महेश म्हणाला, "मग गावी जाऊ. न्हाणीघर पाडून नवीन करून घेऊ. जपानात काही खास नाही, आई सांगतेच आहे. पुन्हा तेवढा खर्च कशाला?"
स्ने. माझ्याकडे बघून म्हणाली, "ठीक आहे."
मी म्हटलं, "तसं अगदीच वाईट नव्हतं हां."
महेश हसला. "आई, आता सारवासारव नको. रोज फोनवर कुरकुरत होतीस."
एकदा तिला मागे ठेवून गेले, आता पुढची वाटही मीच बुजवली. तीसुद्धा तिचं बरं करायला जाऊन.

४ डिसें.
स्ने. मीराची वेणी घालत होती. सहज विचारलं, "आजीला ते पाणी खरंच आवडलं नाही का गं?"
"आय कान्ट टेल, मम्मा."
"का?"
"आजीने सांगायचं नाही म्हटलंय. सीक्रेट आहे."
मी ओलं फडकं घेऊन दारात उभी. स्ने.चा हात थांबला नाही. वेणी पुरी केली, रिबीन बांधली, पोरीला शाळेच्या बसमध्ये बसवून आली. मग बोलली.
"आई, मी जा म्हटलं ते मनापासून. तुम्ही मजा केलीत म्हणून मी चिडले असते असं वाटलं तुम्हाला? मी रोज फोन घेऊन बसायचे, की तुमच्या तोंडून तरी बघायला मिळेल. ते राहू दे. माझ्या पोरीला माझ्यापासून लपवायला शिकवलंत."
मी म्हटलं, "तुला वाईट वाटू नये म्हणून गो."
"मग आता कसं वाटतंय मला?"
तोंड आहे म्हणून मी गावभर प्रसिद्ध. फडकं पिळायला मोरीकडे गेले.

६ डिसें.
"आई, जेवून घ्या." "आई, गोळी घेतलीत?" मानपान सगळं जागच्या जागी. त्यापेक्षा ताट आपटलं असतं तर बरं.
मीरा विचारते, मी सीक्रेट तोडलं का? म्हटलं, नाही बाळा, लपवायला सांगणंच चुकीचं होतं, आजीची चूक. "ओके," म्हणाली आणि खेळायला गेली. मोठ्यांचं असं नसतं.

८ डिसें.
महेशबरोबर शेजारच्या खोबर शहरात मासळी आणायला गेले. गाडीत सांगितलं. म्हटलं, कुंड फार छान होतं. मी बाहेर निघत नव्हते. ते सगळं फोनवरचं खोटं.
"अगं, मग बोलायचं ना! मी न्हाणीघराचं गवंड्याला सांगूनसुद्धा टाकलं."
"न्हाणीघर घाल चुलीत. आणि ऐक. रद्द करू का विचारलंस तेव्हा मी मुद्दाम गप्प बसले."
सिग्नल हिरवा झाला तरी हा माझ्याकडे बघतोय. मागून भोंगे.
"मला वाटलं तुला ऐकूच आलं नाही," म्हणाला.
हेसुद्धा स्ने.ला सांग म्हटलं. तर म्हणतो, "ते तू सांग."
बरोबर आहे. लेकरू शहाणं झालंय, नको त्या वेळी.

११ डिसें.
स्ने. दुपारी ड्यूटीवरून आली. मी सुरमई साफ करत होते, हात माखलेले. तसंच सांगून टाकलं. म्हटलं, त्या दिवशी जेवताना मी नको म्हटलं असतं तर तुझं जपान वाचलं असतं. मी ताक मागितलं.
"माहीत आहे," म्हणाली. "मीच वाढलं ना ताक."
मग समोर स्टूल ओढून बसली. "आता सांगा. पहिल्यापासून. आणि नावं न ठेवता."
सांगितलं. चहावालीचे हात, ती वाकलेली म्हातारी, डोक्यावरचा पंचा, लाल पानं पाण्यात पडत होती ते. नावं न ठेवता बोलायचं म्हणजे मला उलट्या हातानं दळण्यासारखं, पण बोलले. ती डोळे मिटून ऐकत होती. नवऱ्याचं आणि कंदिलाचं सांगितलं तेव्हा ओठ हलले थोडे.
महेश बाहेरून ओरडला, "एप्रिलच्या तारखा बघू का?"
"बघते," ती म्हणाली. हो म्हणाली नाही, नकोही म्हणाली नाही.
मग मला विचारलं, "समजा, परत तोच दिवस आला, रजा माझी नामंजूर, महेश विचारतोय. काय सांगाल?"
मी हातातल्या माशाचे कल्ले काढले. म्हटलं, "ताकच मागीन बहुतेक."
"इथे तरी खोटं बोलायचं होतंत, आई," म्हणाली आणि ओट्याकडे वळली. पाठ माझ्याकडे. हसत होती की काय करत होती, मला दिसलं नाही.