हेडमास्तरांचा पेटा

हेडमास्तर हाचिलालासाहेब,

बरे असालच. रागाने मक्याच्या पिठाची शिमा जिरत नसेल, तर ते तुमचं तुम्ही बघा.

माझी शाळा चौथीतच सुटली, अक्षर वाकडं आहे. पण माझी नात चोल्वे तुमच्या शाळेत विज्ञान शिकवते. तिच्या खिडकीखाली बसून मी ऐकते, इतकं गोड वाटतं! तुम्ही आमच्याकडे जेवायला आलात तेव्हा कोंबडी मीच कापली. पेटा, म्हणजे कोंबडीच्या पोटातली दाणे दळायची ती कडक पिशवी, मोठ्या पाहुण्याच्या ताटात जाते हे मला का माहीत नाही? पण त्या दिवशी सकाळी चोल्वे म्हणाली, "आजी, फळ्यावर पोटाचं चित्र काढून कंटाळले गं. मुलांना खरं दाखवू दे." मी पेटा तिला देऊन टाकला. लहानपणी तिने विचारलं होतं, आत खडे कशाला? मला सांगता आलं नाही, शाळेतही कुणी सांगितलं नाही. म्हणून तर ती मास्तरीण झाली! वर्गात तिने पेटा चिरला, खडे निघाले, मुली ओरडल्या, "अगं बाई, हिचे दात पोटात!"

आणि तुम्ही? ताटात पेटा दिसला नाही म्हणून तिची नोकरी पक्की करायची सही अडवलीत! वर म्हणता, "पोरगी मोठ्यांचा मान राखत नाही." एवढ्याशा मांसात मावतो तुमचा मान?

चोल्वे म्हणते, "हे पत्र पाठवू नकोस गं, सही कायमची जाईल." नाही पाठवत. पण आत्ताच तिच्या वर्गातल्या मुली माशाचं डोकं घेऊन अंगणात आल्यात, आत काय आहे ते चिरून बघायला सुरी मागताहेत. चोल्वे तुमच्या धाकाने सुरीला हात लावत नाही.

मी सुरी दिली, साहेब. धार लावून दिली.

चोल्वेची आजी