तक्रारवहीतला नऊ नंबर

४ जून, शनिवार
आलो बाई एकदाचे. नऊ नंबरचं बैठं घर, पुढे ओटा, ओट्यावर बाबांची खुर्ची. अर्धांगवायूनंतर बाबांचं तोंड डावीकडे ओढलं गेलंय, पण हसू शाबूत आहे. कॉलनीतली सगळी घरं एकाच सायीच्या रंगाची. बाबा हाडाचे रंगारी. भिंतीवरून बोट फिरवून म्हणाले, कारागीर पक्का आहे. फाटकाशी तक्रारवही टांगलीय, दोरीला बांधलेल्या पेन्सिलीसकट. ज्याला जे खटकेल ते त्याने लिहायचं, देखभाल समिती रविवारी दुरुस्त करून देते. समोरच्या काकू थर्मासभर चहा घेऊन आल्या. माणसं बरी वाटली.

९ जून, गुरुवार
वहीत आमच्या नावावर तीन ओळी. पायपुसणं वाकडं. कुंडी तडकलेली. ओट्यावरच्या गृहस्थांचं तोंड एका बाजूला गेलेलं, सरळ करावं.

माझं डोकंच फिरलं. माणूस म्हणजे काय गटाराचं झाकण आहे? तडक सेक्रेटरींकडे गेले. ते थंडपणे म्हणाले, चिडू नका, तुम्हाला काही करावं लागणार नाही. काम मोठं आहे, येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी धरू. अक्षर कुणाचं, तेही त्यांनी सांगून टाकलं. समोरच्या काकूंचं.

चहा पाजताना काय गोड बोलत होती ही बया! मीही लिहिलं: समोरच्या काकू दिवसभर खिडकीतून लोकांच्या घरात डोकावतात, त्यांचे डोळे बंद करा. लिहिल्यावर जिवाला गार वाटलं.

१२ जून, रविवार
काकू खिडकीतच उभ्या होत्या. डोळ्यांच्या जागी नुसती सायीच्या रंगाची कातडी. पापणी नाही, खाच नाही, पुट्टी भरून घासल्यासारखं गुळगुळीत. त्यांचे यजमान म्हणाले, काम छान झालं, वहीत ‘पूर्ण’ अशी नोंदही पडली. ते मी लिहिलं होतं.

१५ जून
फाटक रविवारपर्यंत डागडुजीसाठी बंद. बाबांना उचलून कुंपणाच्या भिंतीवरून नेऊ कशी? सेक्रेटरी म्हणतो, तक्रार जिने लिहिली तिनेच स्वतःच्या हाताने मागे घ्यायची. नियम आहे म्हणे. आग लागो त्या नियमाला.

बाबांना काही सांगितलेलं नाही. येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून हसतात.

१७ जून
काकूंना हाताला धरून वहीपाशी नेलं. पाय धरले. सगळं कबूल केलं. मग त्यांनी पेन्सिल मागितली, पान चाचपडून काहीतरी लिहिलं. मी वाचायच्या आत सेक्रेटरीने वही मिटून नेली. मागेच घेतली असणार. असणारच—

१९ जून, रविवार
सकाळीच आले. चौघं. बादली, थापी. मी दारात आडवी पडले तर मला ओलांडून—

बाबांचं झालं. तोंड सरळ. दोन्ही बाजू सारख्या. हाक मारली, दोनदा. हसले नाहीत— हसायला जागाच ठेवली नाही हरामखोरांनी—

मी ओरडतेय. एकही खिडकी उघडत नाही.

सेक्रेटरीने वही पुढे धरली. बाबांची तक्रार तशीच. खाली काकूंच्या वेड्यावाकड्या ओळी. नऊ नंबरच्या बाईचं तोंड फार चालतं. हातही.

माझ्या तोंडाचं झालं. बादली पुन्हा ढवळताहेत. उजवा हात अजून माझा आहे— बाबा, तुमचं तोंड मला कधीच वाकडं वाट