नव्वद ग्रॅमचं विमान

पांढरकवडा
१४ सप्टेंबर २०२५

चि. भैरवीस, बाबांचे अनेक आशीर्वाद.

तू हैदराबादकडे हवाई दलात विमान चालवायला शिकायला गेलीस त्याला अडीच महिने झाले, आणि हे माझं पहिलं पत्र. रविवारी तुला दहा मिनिटं फोन मिळतो तेव्हा मी अंगणात जाऊन बसतो, हे आईने सांगितलंच असेल. रुसलेलो नाही. तीस वर्षं पाटबंधारे खात्यात नकाशे काढले. पाया दिसला की मला हायसं वाटतं. तू जिथे बसणार आहेस त्याच्याखाली पायाच नाही. फोनवर हे मला नीट बोलता आलं नसतं.

लिहायचं होतं ते वेगळंच. दिवाणाखाली झाडताना तू कॉलेजात असताना मागवलेला खोका सापडला. दुहेरी पंखांचं जुन्या धर्तीचं विमान. बाल्साच्या हलक्या लाकडाच्या काड्या, पातळ कागद, रबराचा पट्टा, दोऱ्याचं रीळ. टाकून देणार होतो, पण वर नकाशा होता, आणि नकाशा न वाचता घडी करून ठेवणं मला जमत नाही. चार दिवसांपासून जेवणाच्या टेबलावर पंखाच्या फासळ्या वाळताहेत आणि आम्ही खाली बसून जेवतो. आई शेजारणीला सांगत होती, पोरगी विमान शिकाले गेली अन् बापाले विमान चढलं.

तब्येतीला जप.
तुझा,
बाबा (नंदकिशोर)

◆

२८ सप्टेंबर २०२५

ती. बाबांना भैरवीचा सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं, त्यातलं एकदा जेवणाच्या रांगेत. मागच्या मुलाने ढकलल्यावर कळलं की रांग पुढे गेली.

खोका उघडलात तर एक सांगते. त्या रिळातल्या दोऱ्यांना शोभा समजू नका. वरच्या आणि खालच्या पंखात ते फुलीसारखे ओवायचे असतात, आणि त्यांच्यावरच सगळं असतं. घाईत चिकटवून मोकळे होऊ नका. (तुम्ही आणि घाई! हे मी आईला म्हणून लिहिलं असं समजा.)

आमचं उडणं सुरू झालं. पहिल्या दिवशी मला उलटी झाली. ही ओळ आईला वाचून दाखवू नका.

दोघांच्या आशीर्वादावर हक्क सांगणारी,
भैरवी

◆

पांढरकवडा
१९ ऑक्टोबर २०२५

चि. भैरवीस, दिवाळीचे आशीर्वाद. फराळाचा डबा वेगळा पाठवला आहे; चकल्या मैत्रिणींना देशील, अनारसे लपवशील, हे ठाऊक आहे.

पंख बसले. वर एक, खाली एक, मध्ये चार उभ्या काड्या. पण उचललं तर सगळं ओल्या पापडासारखं लोंबायचं. दोरे ओवायला घेतले. उजवीकडचे सगळे आधी आवळले, आणि दुसऱ्या दिवशी पाहतो तर वरच्या पंखाला पीळ पडलेला. सगळे दोरे कापले. दोन दिवस त्या टेबलाकडे गेलो नाही.

मग शेजारचे सेवादास चहाला आले. त्यांचा कापसाचा ट्रक आपल्या हायवेवरून जातो, तुला माहीत आहे. बघून म्हणाले, साहेब, एकाच बाजूनं कायले ओढून राह्यले? आम्ही गाडीवर दोर टाकतो तं हा कोना ओढला का लगेच समोरचा तिरपा ओढतो, नाही तं घाटात माल एका अंगाले येते. तसंच केलं. थोडं इकडे, थोडं तिरपं तिकडे, पुन्हा थोडं इकडे. आठ दिवस लागले.

शेवटची गाठ बसली आणि भैरवी, ते विमान माझ्या हातातल्या हातात बदललं. क्षणापूर्वी लुळं होतं; आता एका टोकाला टिचकी मारली तर दुसऱ्या टोकाचा दोरा थरथरत होता. आईला हाक मारली. तिचा हात धरून नुसता पंखाला लावला. मग तिने स्वतःच एक टिचकी मारून पाहिली.

मग अंगठ्याने पंख वर दाबून पाहिला. फुलीतला एक दोरा ताठ झाला, दुसरा सैल पडला. खाली दाबला तर उलट. म्हणजे एक दोरा विमान उभं असताना पंखाला लोंबू देत नाही, आणि दुसरा ते आकाशात असताना पंखाला वर मुडपू देत नाही. ज्याने हे प्रथम योजलं त्याने जमिनीचा आणि आकाशाचा, दोन्हींचा विचार आधीच करून ठेवला होता.

हवा पंखाला वर उचलते, म्हणून विमान उलटं करून फक्त मधोमध टेकू दिला आणि पंखांवर तुरीची डाळ टाकत गेलो, चमच्या-चमच्याने. विमान नव्वद ग्रॅमचं. नऊशे ग्रॅम डाळ त्याने पेलली. पंख केसभर वाकला, आणि डाळ काढल्यावर परत सरळ. पुढे डबाच संपला. आईने विचारलं, आता वरण लावू का, की डाळीचीही परीक्षा बाकी आहे?

तुझा,
बाबा

◆

९ नोव्हेंबर २०२५

ती. बाबांना सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्यापुरतंच. एकटीने उडण्याआधी जी तपासणी होते, तिच्यात मी नापास झाले. आणखी एक संधी आहे. तीही गेली तर घरी पाठवतील.

सर म्हणतात, तू स्टिक (विमान वळवायचा दांडा) अशी आवळतेस जणू ती पळून जाणार आहे. विमान नीट चाललेलं असतं, आणि मीच त्याला हलवत असते. हे मला खाली कळतं. वर गेलं की बोटं सुटत नाहीत.

तुमचं डाळीचं पत्र खोलीतल्या अंजूला वाचून दाखवलं. ती पोट धरून हसली. मग म्हणाली, तुझे बाबा ते विमान आता कपाटावर ठेवतील, उडवणार नाहीत. मी पैज लावली आहे. बाबा, उडवाल ना?

भैरवी

◆

पांढरकवडा
१७ नोव्हेंबर २०२५

चि. भैरवीस, अनेक आशीर्वाद.

अंजूने बरोबर ओळखलं होतं. विमान कपाटावरच होतं. तुझं पत्र आलं त्या दिवशी तीनदा काढलं आणि तीनदा परत ठेवलं.

काल सकाळी केळापूरच्या पुढे सेवादासांच्या वावरात गेलो. सोयाबीन निघून वावर मोकळं झालंय. वारा नव्हता. पुढचा पंखा दोनशे वेळा फिरवून रबराला पीळ भरला, विमान खांद्याच्या वर धरलं, आणि माझा हात उघडेना. पंख्याची ओढ बोटांना लागत होती. ते निघालेलंच होतं, मीच धरून उभा होतो. किती वेळ, ठाऊक नाही. तुझी आई मागून हळूच म्हणाली, अहो, जाऊ द्या ना त्याला.

कसं सुटलं ते आठवत नाही. फेकलं नाही, एवढं नक्की. हातातलं वजन गेलं आणि ते समोर होतं. बाभळीच्या शेंड्याइतकं चढलं. उन्हात कागद उजळला आणि आतली फासळी न् फासळी दिसली, मी चिकटवलेली. मग डावीकडे मोठं, सावकाश वळण घेतलं. सेवादासांच्या घड्याळात सव्वीस सेकंद. शेजारच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बायका कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्यांतल्या जमनाबाई म्हणाल्या, माय, कोनी चालवून नाही राह्यलं अन् कसं चाल्लं!

उतरताना धुऱ्याच्या बांधाला लागून खालच्या पंखाची काडी मोडली. दोऱ्यांनी तुकडा सोडला नव्हता.

सल्ला देत नाही, मला विमान चालवता येत नाही. एक मात्र कबूल करतो. इतके महिने मनाच्या कोपऱ्यात वाटायचं, काहीतरी अडावं आणि तू परत यावीस. म्हणून फोनवर येत नव्हतो. आवाजातून तुला कळलं असतं. कालपासून तसं वाटत नाही. आलीस तर घर तुझंच आहे. पण येऊ नकोस.

तुझा,
बाबा

◆

३० नोव्हेंबर २०२५

ती. बाबा आणि आई, दोघांना सा. न. वि. वि.

शुक्रवारी सकाळी दुसऱ्या तपासणीसाठी सर माझ्याबरोबर दोन फेऱ्या बसले. तिसऱ्या वेळी विमान थांबवायला सांगितलं, पट्टे सोडून उतरले, आणि पाठ फिरवून चालू लागले. मला वाटलं पुन्हा नापास. मग त्यांनी मागे न बघता हात वर केला, जा म्हणून.

मागची सीट रिकामी, म्हणून विमान इतक्या लवकर उठलं की मी दचकले. हजार फुटांवर गेल्यावर बेत केलेला नसताना बोटं उघडली. स्टिकपासून इंचभर लांब. पाच मोजले. मग दहा मोजले. पंख आडवे, नाक सरळ, खाली ज्वारीची वावरं, एक तळं, त्यात ऊन. बाबा, मी आकाशात होते आणि मला कोणी धरलेलं नव्हतं, आणि मी कशाला धरलेलं नव्हतं. मी मोठ्याने हसले. वायरलेसचं बटण दाबलेलं नव्हतं हे नशीब.

उतरल्यावर सरांना सॅल्यूट केला. त्यांनी विचारलं, आज काय वेगळं केलंस? मी मूठ उघडून मोकळा हात दाखवला.

जमनाबाई भेटल्या तर त्यांना सांगा, विमानाच्या आत बसलेल्या माणसालाही अगदी तसंच वाटतं.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची,
भैरवी