माया ठेवू नकोस

८ जानेवारी

ती. ताईस,

बारक्याचा शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचलो. इथलं हॉस्पिटल अजून निम्मं उभं राहायचं आहे आणि आमच्या सगळ्या लिफ्ट तळमजल्यावर खोक्यांत झोपा काढताहेत. त्या वरखाली करायला लागल्याशिवाय कंपनी मला सोडायची नाही, म्हणजे उन्हाळा लागेपर्यंत मी इथलाच. शिवणाच्या कारखान्यातल्या मशिनांनी तुझे कान नेले. फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही, आणि उरलेलं निम्मं भावोजी मध्ये बोलून संपवतात. त्यापेक्षा पत्र बरं.

आता माझ्या कोळंबीच्या काचेच्या टाकीबद्दल. पाणी आटेल तेवढं साधं गाळलेलं पाणी वरून घालत जा. मीठ आटत नाही, पाणीच आटतं, म्हणून पुन्हा मीठ घालायचं नाही. तुझं पितळी अंगुस्तान बोटात असताना हात आत घालू नकोस. तांबं-पितळ कोळंबीला विष आहे.

खाण्याच्या बाबतीत माझी हार्लेक्विन कोळंबीची जोडी महाहट्टी. तारामासा सोडून जगातल्या कुठल्याही पदार्थाला तोंड लावत नाही. म्हणून शेजारच्या छोट्या टाकीत तारामासा पाळला आहे. त्याच्या पाच हातांपैकी एक कापायचा आणि जोडीला द्यायचा. तारामासा त्यानं मरत नाही, कापलेला हात त्याला हळूहळू पुन्हा फुटतो. निघताना एक हात मी देऊन आलो आहे. तो संपला की पुढचा तू काप. कोळंबी मरगळल्यासारखी वाटली तर लगेच कळव.

भावोजींना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
बारक्या

२० जानेवारी

चि. बारक्यास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. जेवण वेळेवर घे आणि लिफ्टच्या त्या खोल खड्ड्यात उतरताना डोक्यावर टोपी घाल. तुझे भावोजी ठीक आहेत. रोज टाकीसमोर उभे राहतात आणि तळायची कधी, असं विचारतात.

पण मी तुझ्यावर रागावले आहे. जाताना हसतहसत दोन्ही टाक्या आमच्या घरात मांडून गेलास आणि हे कापाकापीचं काम पत्रातून सांगतोस! गेल्या वर्षी मनगट मोडल्यापासून माझं काय झालं आहे ते तू बघितलंस. हाड जुळलं, हात पहिल्यासारखा झाला असं डॉक्टर म्हणतात, पण हात त्यांचा नाही ना. कात्री उचलली की माझी बोटं थरथरतात. म्हणून तर कटिंगला बाई ठेवली आणि मी नुसती मशिनवर बसते. गिऱ्हाइकांना सांगून टाकलं की आता माझी कात्री बंद. कापड वाया गेलं तर दुसरं आणता येतं. जिवंत जीव कापताना हात हलला तर काय करू?

कटिंगच्या बाईला विचारून पाहिलं. तिनं कानावर हात ठेवले आणि सांगितलं की कापडाला रक्त नसतं म्हणूनच ती या धंद्यात आली.

तू दिलेला हात केव्हाच संपला. मी उकडलेल्या अंड्याचा बलक टाकला, मासळीचा तुकडा टाकला, पावाचा चुरासुद्धा टाकला. तुझी राणी त्यावरून चालत गेली, वळूनही पाहिलं नाही. नवरोबा दगडामागे बसून आहेत. अंगावरचे ते जांभळे ठिपके अगदी फिके दिसतात. माझा जीव खालीवर होतो आहे. दुसऱ्या कुणाची तरी सोय लाव बाबा.

तब्येतीला जप. माझ्या रागातही तुझ्यासाठी काळजीच आहे, हे विसरू नकोस.

तुझी,
ताई

२७ जानेवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. अंड्याचा बलक लगेच बाहेर काढ, पाणी नासेल. आणि नीट ऐक, दुसरं कुणीही नाही. दुकानदार लांब राहतो, माझ्या मित्रांपैकी एकाला पाल पाहून घेरी येते आणि दुसरा माशांना बिस्किटं घालतो.

ही जोडी विकत घेतली तेव्हा दुकानदार म्हणाला होता की हार्लेक्विन नेणारे पुष्कळ, जगवणारे फार थोडे. मी त्या थोड्यांतला झालो याचा मला अभिमान आहे. शाळेत पाठीवर कधी कुणाची थाप पडली नाही, ही एकच गोष्ट मी धड केली. ती अंड्याच्या बलकावर मरायला नको.

तुझ्या हाताचं म्हणशील, तर तो हात मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. बाबांच्या जुन्या सदऱ्यातून तू माझा शाळेचा शर्ट काढायचीस. फाटकं टाळून, डाग टाळून, एका तुकड्यात पाठ आणि दुसऱ्यात दोन बाह्या. कापड पुरायचं नाही असं आईसुद्धा म्हणायची आणि तुझ्या कात्रीखाली ते पुरायचं. असा हात एका पडण्यानं जात नाही.

आता असं कर. ताटात टाकीतलंच पाणी घे, त्यात ओलं फडकं पसर आणि तारामासा त्यावर ठेव. कोपर टेबलावर टेकव. स्टीलची बारीक कात्री घे. हात जिथे मधल्या गोल अंगाला जुळतो तिथे काप. कात्री हातात घेतलीस की माया ठेवू नकोस. मन घट्ट कर आणि एका दमात संपव.

तुझ्या भरवशावर,
बारक्या

४ फेब्रुवारी

चि. बारक्यास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

कापला! पत्राला दुसरी सुरुवात सुचतच नाही.

नाश्त्याची भांडी बाजूला सारली आणि टेबलावरच मांडामांड केली. ताट धरायला भावोजींना उभं केलं. त्यांनी ताट धरलं आणि डोळे मिटून घेतले, म्हणजे ताट माझ्याकडे कमी आणि खिडकीकडे जास्त कललं. त्यांना उघडा डोळे म्हणून ओरडले आणि त्या ओरडण्याच्या भरात माझी धडधड थांबली. कोपर टेकवलं. त्या चॉकलेटी टिकल्यांच्या प्राण्याची मनातल्या मनात क्षमा मागितली.

तू म्हणालास माया ठेवू नकोस, तर दोऱ्याएवढीही ठेवली नाही. मधल्या गोलाला अगदी भिडून, गोलाई राखून, बाहीसाठी मुंढा कापतात ना, तसा हात उतरवला. थोटूक नाही, काही नाही. रेघ अशी आली म्हणून सांगू! कटिंगच्या बाईला बोलावून दाखवली. ती लांबूनच छान म्हणाली आणि पळाली.

मग तो हात मोठ्या टाकीत सोडला. आधी काही हललं नाही. नंतर दगडामागून राणीच्या मिशा आल्या, मग ते पानासारखे चपटे पंजे हलवत ती स्वतः आली. नवरोबा मागोमाग. दोघांनी मिळून तो हात ओढला, उलटा केला आणि जेवायला बसली. अंगावर पांढऱ्यावर जांभळे ठिपके, कडेला निळी किनार, असं कापड कुणी आणून दिलं तर मी शिलाई घेणार नाही. भावोजी पुढे बसून राहिले आणि ऑफिसला उशिरा गेले. तळायचं विचारत नाहीत आता.

मी खूश आहे रे. किती दिवसांनी स्वतःच्या हाताकडे बघून बरं वाटलं. तूही तिकडे खूश राहा आणि असाच हट्ट करत जा.

तुझी,
ताई

१० फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी मोठ्यानं हसलो, मग मला घाम फुटला. अगं ताई, मी मनातली माया म्हणालो होतो! तारामाशावर जीव लावलास तर तुला कापवणार नाही, एवढंच मला सांगायचं होतं. तू शिवणीतली माया समजलीस. शिवणीच्या आत सोडतात त्या जास्तीच्या कापडाला तुम्ही माया म्हणता, हे लहानपणापासून ऐकलेलं असून माझ्या डोक्यात कसं आलं नाही? चूक माझीच.

मी नेहमी बोटभर थोटूक सोडतो. तसं सोडलं की जखम मधल्या अंगापासून लांब राहते. तू अंगाला भिडून कापलंस, त्यामुळे मधलं अंग सडू शकतं. ते सडलं तर तारामासा गेला, दुसरा लवकर मिळायचा नाही आणि जोडी पुन्हा उपाशी. रोज बघ. कड पांढरी, मऊ, सुटल्यासारखी दिसली तर तेवढाच खराब भाग कापून काढ, ताज्या अंगापर्यंत. जास्त कापलंस तरी मरेल, कमी कापलंस तरी मरेल. पाणी बदलत राहा.

घाबरवतो आहे, पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. गोलाई राखून, दोऱ्याइतकंही न सोडता मुंढा कापायचा, तोही ओल्या, गुळगुळीत, जिवंत वस्तूवर आणि भावोजींनी धरलेल्या ताटात! थरथरत्या हाताचं काम आहे का हे? सांग मला. इथे आमच्या फोरमनला मी ही गोष्ट सांगितली आणि माझी बहीण आहे असं दोनदा म्हणालो.

वाट पाहतो. चूक पोटात घाल, नेहमी घालतेस तशी.

तुझा,
बारक्या

२१ मार्च

चि. बारक्यास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

मध्ये नुसत्या दोन ओळींची कार्डं पाठवली, कारण काय होईल ते मलाच माहीत नव्हतं. आता सविस्तर लिहिते.

तुझं पत्र येण्याआधीच कड पांढरी पडली होती. मला वाटलं खपली धरते आहे! पत्र वाचलं आणि टाकीकडे धावले. चांगल्यासाठी हात उचलावा आणि आपल्याच हातानं वाईट व्हावं, असं झालं. एकदा वाटलं, कात्री बंद केली होती तेच बरोबर होतं.

पण तो बिचारा काचेला चिकटून उरलेल्या हातांनी सरकत होता. त्याला असं टाकून कसं द्यायचं? काजं पाडायची टोकदार कात्री उकळत्या पाण्यातून काढली. भावोजींनी या खेपेला डोळे उघडे ठेवले आणि भिंगही धरलं. खराब भाग कागदासारख्या पातळ कातरणांनी काढत गेले. एक कातरण, मग बघायचं, मग दुसरं. ताजं, घट्ट अंग लागलं तिथे थांबले. एवढं बारीक मी कधी रेशमावरसुद्धा कापलं नव्हतं. मध्ये कधीतरी भावोजी हळूच म्हणाले की हात हलत नाही तुझा. मी त्यांना गप्प बसा म्हटलं, पण ऐकलं मी.

जखम भरली. आता तिथे मुगाच्या दाण्याएवढा कोंब दिसतो आहे, नवा हात. तारामासा खातो आहे. जोडीला पुढचा हात मी दुसऱ्या बाजूनं कापून दिला, चांगलं बोटभर थोटूक सोडून, आणि ती जखम लगेच मिटली. राणी धष्टपुष्ट झाली आहे. परवा टाकीत तिचं रिकामं कवच पडलेलं पाहून मी रडायलाच बसले होते, तर बाईसाहेब दगडामागून नव्या कोऱ्या अंगानं बाहेर आल्या. कात टाकतात हे आधी सांगता येत नाही का रे तुला?

आता खरी बातमी. कटिंगची बाई तिच्या आईच्या आजारपणासाठी गावी गेली आणि नेमक्या बँकेतल्या मॅनेजरबाई जाड लोकरी कापड घेऊन आल्या, कोट हवा म्हणून. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि त्याऐवजी मापाची फीत गळ्यात घातली. दुकानाचं दार लावून घेतलं, खडूनं आखलं आणि कापलं. भावोजींनाही सांगितलं नाही.

काल ट्रायल होती. मॅनेजरबाईंनी आरशासमोर हात वर केले, पुढे घेतले, मागे घेतले. खांद्यावर कुठे सुरकुती नाही, ओढ नाही. त्या म्हणाल्या की तुमच्या कटिंगच्या बाईचा हात आता चांगला बसला आहे. माझ्या तोंडात टाचण्या होत्या. त्या एकेक करून काढल्या, उशीत खोचल्या आणि त्यांना सांगितलं की कटिंग माझं आहे.

तुझ्या लिफ्ट वर जाऊ देत. तुझ्यावर माझा जीव आहे, तो असाच राहणार.

तुझी,
ताई